नऊ शॉट्स आणि एक कच्चं लिंबू

परवा शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला, म्हणजे बॅग भरून लिफ्टकडे पळायच्या नेमक्या वेळेला, मॅनेजरने मीटिंग रूममध्ये बोलावलं. असं बोलावणं आलं की दोनच शक्यता असतात. एकतर प्रॉडक्शनवर काहीतरी पेटलेलं असतं, नाहीतर आपला वीकांत गेलेला असतो. (बहुतेक वेळा दोन्ही.) पण यावेळी तिसरंच निघालं. नव्या रिलीजचं डिझाइन मांडायला आमच्या टीममधून एक जण टोरांटोला क्लायंटकडे जाणार आहे आणि ते नाव माझं आहे! मी हरखून 'थँक यू' म्हणणार, तेवढ्यात साहेब पुढे म्हणाले, "अगं, त्यांनीच सुचवलंय, टीममधली एक तरी मुलगी मीटिंगला असावी म्हणून. आणि आपल्याकडे सीनियर मुलगी म्हणजे तूच ना."

झालं. फुग्याला टाचणी.

साहेबांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे आधीच सांगते. ते डिझाइन माझं आहे. दोन वर्षं ते मॉड्यूल मी सांभाळतेय, त्यातल्या कुठल्या खाचेत कुठला बग दडी मारून बसतो ते मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पण निवड त्यासाठी झाली नव्हती. ती झाली मी मुलगी आहे म्हणून. पार्किंगमध्ये टीममधला एक मित्र भेटला, बातमी त्याच्याआधीच पोचलेली होती. "काय मग, लेडीज सीट मिळाली!" तो हसत म्हणाला. मीही हसले. बसमध्ये त्या सीटवर बसताना मला कधीच काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र स्कूटीवर घरी येईपर्यंत ते वाक्य कानात वाजत राहिलं.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "जाणार की नाही ते नक्की सांग, म्हणजे स्वेटर उन्हात टाकते." बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तिकीट तुझ्याच नावाचं आहे ना? मग झालं तर."

पण माझं काही झालं नाही. शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत बसले तेव्हा मला मानों आठवली.

मानों रेओम. नाव फ्रेंच आहे, शेवटचा 'न' नाकात गिळायचा. कॅनडाची आइस हॉकीची गोलकीपर. आता पुण्यातल्या मुलीचा आणि आइस हॉकीचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. आपल्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीगृहातला. पण टोरांटोच्या लोकांबरोबर दर सोमवारी कॉल असेल तर सुटका नसते. पहिली पाच मिनिटं शनिवारच्या मॅचची उजळणी होते, मगच बिल्ड कसं फुटलं त्याकडे गाडी वळते. नुसतं 'ओह, नाइस' म्हणून कंटाळले, म्हणून एका वीकांताला त्या खेळाबद्दल वाचायला बसले आणि वाचता वाचता ही बाई भेटली. तेव्हापासून डोक्यात घर करून आहे.

तिची गोष्ट सांगण्याआधी एक शब्द. कच्चं लिंबू. तुमच्या गल्लीत कदाचित लिंबूटिंबू म्हणत असतील. क्रिकेट खेळताना एखादं शेंबडं पोर "मला पण घ्या" म्हणून रडायला लागतं, त्याची आई गॅलरीतून डोळे वटारत असते, मग दादा मंडळी त्याला कच्चं लिंबू म्हणून घेतात. तो खेळतो, पण मोजला जात नाही. आउट झाला तरी आउट नाही. माझ्या दादाच्या टीममध्ये मी चार वर्षं कच्चं लिंबू होते, तेव्हा या विषयावर बोलायचा मला पुरेपूर अधिकार आहे :-)

तर मानों. जन्म १९७२ चा, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातला. लाक-बोपोर नावाच्या गावात वाढली. वडील गावातली उघड्यावरची रिंक सांभाळायचे आणि मुलांना शिकवायचे. दोन भाऊ, दोघंही हॉकीवेडे. मानों पाच वर्षांची असताना वडिलांच्या टीमला एका स्पर्धेसाठी गोलकीपर मिळेना, तेव्हा ही पुढे झाली. मला यात काहीच परकं वाटलं नाही. जगभर कुठल्याही गल्लीत जा, सगळ्यात धाकट्याला तीच जागा मिळते जी बाकी कुणाला नको असते. आमच्याकडे गटारातून बॉल काढायची, त्यांच्याकडे गोलमध्ये उभं राहायची!

ती जागा नको का असते तेही समजून घेऊ. आइस हॉकीत गोलची चौकट ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. पक म्हणजे ती चकती, कडक रबराची, ३ इंच व्यासाची आणि इंचभर जाड. वजन साधारण आपल्या लेदर बॉलइतकंच. मोठ्या लीगमध्ये चांगला शॉट ताशी दीडशे किलोमीटरच्या वर सहज जातो. म्हणजे शोएब अख्तर ऐन भरात असताना टाकतोय, पण बावीस यार्डांवरून नाही, मनात येईल तिथून. मधे चार-पाच धिप्पाड माणसं मुद्दाम तुमच्या डोळ्यांसमोर उभी. आणि तुमच्या पायाखाली बर्फ. हे सगळं अडवायचं, आणि अडवलं तर कुणाला आठवतही नाही. जे सुटलं तेवढंच फळ्यावर लागतं. (प्रॉडक्शन सपोर्टवाल्यांनी इथे एक खोल श्वास घ्यावा.)

१९८४ साली क्वेबेकमधल्या मुलांच्या प्रसिद्ध आंतरराष्ट्रीय पी-वी स्पर्धेत ती खेळली. त्या स्पर्धेत खेळणारी ती पहिली मुलगी. १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये त्र्वा-रिव्हिएर गावच्या ड्रॅव्हर्स या ज्युनियर संघाने तिला एका सामन्यात मधेच उतरवलं. मेजर ज्युनियर म्हणजे जिथून पोरं थेट एनएचएलमध्ये जातात ती पायरी. तिथे खेळणारीही ही पहिलीच. साधारण १७ मिनिटं खेळली. ३ गोल झाले. एक शॉट थेट मास्कवर बसला, भुवईवर जखम झाली, रक्त आलं, आणि ती बाहेर आली. दुसऱ्या कुणाची कहाणी इथेच संपली असती.

तिची संपली नाही. १९९२ च्या एप्रिलमध्ये फिनलंडमधल्या टाम्पेरे इथे महिलांची जागतिक स्पर्धा झाली. कॅनडाने अंतिम सामन्यात अमेरिकेला ८-० ने लोळवलं, आणि स्पर्धेच्या सर्वोत्तम संघात गोलकीपर म्हणून मानोंची निवड झाली. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे लोक हे विसरतात. ती वीस वर्षांची होती आणि त्या वेळच्या जगातल्या उत्तम महिला गोलकीपर्सपैकी एक होती.

आता यात फिल एस्पोसिटो येतात. स्वतः एके काळचे मोठे खेळाडू, आणि १९९२ मध्ये टॅम्पा बे लाइटनिंग या कोऱ्या करकरीत एनएचएल संघाचे सर्वेसर्वा. संघ कुठला, तर फ्लोरिडाचा. जिथे बर्फ फक्त सरबतात दिसतो तिथे आइस हॉकीची तिकिटं विकायची होती. एस्पोसिटोंनी मानोंला सरावशिबिराला बोलावलं. हा प्रसिद्धीसाठीचा डाव आहे का, असं पत्रकारांनी विचारलं, तर त्यांनी आढेवेढे न घेता 'हो' म्हणून टाकलं. आडपडदा नाही. माझ्या साहेबांसारखंच!

आणि इथे मानोंचं जे उत्तर आहे, त्यासाठी मी ही सगळी गोष्ट सांगतेय. पुढे बऱ्याच मुलाखतींमध्ये तिने ते सांगितलं आहे. मतितार्थ असा, की मी मुलगी आहे म्हणून आयुष्यभर मला लोक 'नाही' म्हणत आले. आता मी मुलगी आहे म्हणून कुणीतरी 'हो' म्हणतंय, तर मी कशाला नाही म्हणू?

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या होत्या. शनिवारी परत आठवलं तेव्हा मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटेनात. कारण या वेळी सीटवर मी होते.

२३ सप्टेंबर १९९२. टॅम्पाच्या जत्रेच्या मैदानावरचा एक्स्पो हॉल. समोर सेंट लुईस ब्लूज. सामना सराव सामना, म्हणजे गुणतक्त्यात न धरला जाणारा. मानों पहिला पीरियड खेळली. वीस मिनिटं. उत्तर अमेरिकेतल्या चार मोठ्या व्यावसायिक लीगपैकी कुठल्याही लीगच्या सामन्यात, सराव का होईना, उतरलेली पहिली स्त्री. उंची ५ फूट ७ इंच, समोर सहा-सहा फुटी गडी. गाठीशी इंग्रजी जेमतेम, त्यामुळे ड्रेसिंग रूममध्ये कुणी काय कुजबुजतंय ते अर्धं कळत नसणार. (कदाचित बरंच झालं!) ९ शॉट्स आले. ७ अडवले, २ गेले. पीरियड संपला, ती बाहेर आली, दुसरा गोलकीपर आत गेला.

संपलं. एनएचएलमधली तिची कारकीर्द म्हणजे एवढी वीस मिनिटं आणि पुढच्या वर्षी, १९९३ मध्ये, बॉस्टन ब्रुइन्सविरुद्धचा आणखी एक सराव सामना.

आता माझ्यातली इंजिनियर जागी होते. ९ पैकी ७ म्हणजे ७७.८ टक्के. त्या काळात एनएचएलच्या गोलकीपर्सची सरासरी होती साधारण ८८-८९ टक्के. म्हणून "बघा, जमलं नाही" म्हणणारे हा आकडा नाचवतात. पण थांबा. त्या दोनातला एक शॉट अडला असता तर? ९ पैकी ८. ८८.९ टक्के. म्हणजे बरोब्बर सरासरी! एका पकच्या अंतरावर एक टोक 'फजिती' आहे आणि दुसरं टोक 'इतर पुरुषांइतकीच'. नऊ नोंदींवरून मी उद्या एखाद्या सर्व्हरबद्दल निष्कर्ष काढला तर रिव्ह्यूमध्ये मला हाकलून देतील. आणि इथे लोक तीस वर्षांहून जास्त काळ अख्ख्या स्त्रीजातीबद्दल निष्कर्ष काढत आलेत.

आणि इथेच मला कच्चं लिंबू आठवतं. आमच्या गल्लीत नियम असा होता, की कच्च्या लिंबाची विकेट धरायची नाही. मानोंच्या बाबतीत उलटं झालं. तिची विकेट धरली, रन्स धरले नाहीत. सात शॉट अडवले तर "सराव सामना होता हो, कोण जीव तोडून खेळतं". दोन सुटले तर "बायकांना जमत नाही". खेळायला घ्यायचं, पण चुकायची सवलत द्यायची नाही. असलं कच्चं लिंबू व्हायला माझी तरी तयारी नाही.

पार्किंगमधल्या त्या मित्राला मी हे सगळं फोनवर ऐकवलं. (बिचारा, शनिवारी दुपारी जेवून आडवा झाला होता.) तो म्हणाला, "ते सगळं ठीक आहे. पण ती वीस मिनिटं एखाद्या मुलाला मिळाली असती ना? त्याने पण लहानपणापासून घाम गाळला असेल. त्याचा काय दोष?"

प्रश्न रास्त आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. असा एखादा मुलगा असणारच. प्रत्येक निवडीत असतो. माझ्या टोरांटोच्या तिकिटामागेही कदाचित हाच मित्र आहे. पण मला सांगा, निवडी कधी निव्वळ गुणांवर होतात का हो? कुणी गावचा पोरगा म्हणून घेतला जातो, तिकिटं खपावीत म्हणून. कुणी कोचच्या पाहण्यातला असतो. कुणी गोरागोमटा, इंग्रजी फाडफाड बोलणारा असतो म्हणून क्लायंटसमोर जातो, कोड लिहिणारा मागे कोपऱ्यात. यांच्यापैकी कुणाच्याच कपाळावर कारण लिहिलेलं नसतं. ते कामाला लागतात आणि दोन महिन्यांत सगळे विसरतात. मानोंच्या कपाळावरचं मात्र पुसलं गेलं नाही. फरक निवडीत कमी आणि विसरण्यात जास्त आहे.

आणि प्रसिद्धीचा डाव एस्पोसिटोंचा होता, तिचा नव्हता. तिला पुढे टीव्हीवर लेटरमनच्या कार्यक्रमात बोलावणं आलं, तिथे ती गेली. 'प्लेबॉय'ने फोटोंसाठी पैसे देऊ केले, तिथे साफ नाही म्हणाली. नुसतं झळकायचंच असतं तर सोपा रस्ता समोर होता. तिने काय केलं? तर लाइटनिंगच्या खालच्या संघाशी, अटलांटा नाइट्सशी, करार केला आणि सरावाला लागली. १३ डिसेंबर १९९२ ला सॉल्ट लेकच्या संघाविरुद्ध तिला उतरवलं. पुरुषांच्या व्यावसायिक हॉकीतल्या, गुणतक्त्यात धरल्या जाणाऱ्या सामन्यात खेळणारी पहिली स्त्री. किती वेळ? सहा मिनिटंसुद्धा नाहीत.

मग नॉक्सव्हिल, नॅशव्हिल, लास व्हेगस, टॅलाहासी, रीनो... पाच वर्षांत सगळे मिळून साधारण दोन डझन सामने. आपल्याकडच्या शिवशाहीच्या वेळापत्रकासारखं, येईल तेव्हा खरं. गोलकीपर हा शॉट्स खाऊन तयार होतो. शेकडो सामने, हजारो शॉट्स, त्यातले शेकडो सुटलेले. पाच गोल खाल्लेल्या पोराला कोच दुसऱ्या दिवशी परत उभा करतो, कारण तसं केल्याशिवाय तो शिकणार नाही हे कोचला ठाऊक असतं. मानोंला दार उघडून दिलं, पण आत जाऊन बसायला पाट मांडला नाही. ती उंबऱ्यावरच उभी राहिली. तिथे फोटो छान येतो.

म्हणून 'प्रसिद्धीसाठी का होईना, संधी दिली ना' यावर माझं मत असं आहे. पहिली संधी कुठल्या का कारणाने मिळेना, घ्यावी. त्यात लाज बाळगायचं कारण नाही, कारण देणाऱ्याचा हेतू हा घेणाऱ्याचा गुन्हा नसतो. पण देणाऱ्याला मी शाबासकी देणार नाही, जोवर तो दुसरी, तिसरी आणि दहावी संधी देत नाही. पहिल्या संधीला टाळ्या मिळतात. दहावीला कुणी कॅमेरा घेऊन येत नाही. बरोबरीचं खरं माप त्या दहाव्या वेळी लागतं.

मानोंची पुढची गोष्ट त्यातल्या त्यात मला जास्त आवडते, आणि तीच कमी सांगितली जाते. १९९४ मध्ये लेक प्लॅसिडला तिने कॅनडाबरोबर पुन्हा जागतिक सुवर्ण जिंकलं. १९९७ च्या जागतिक स्पर्धेसाठी तिला वगळलं. विचार करा, टीव्हीवर झळकलेली, जगभर नाव झालेली पोरगी, आणि आपल्याच देशाच्या महिला संघात जागा नाही. इथे ती मुलगी आहे म्हणून कुणी घेणार नव्हतं, सगळ्याच मुली होत्या! इथे फक्त पक अडवायचा होता. ती परत खाली बसली, मेहनत केली आणि १९९८ च्या नागानो ऑलिंपिकच्या संघात आली. महिलांची आइस हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होत होती.

१७ फेब्रुवारी १९९८, अंतिम सामना, कॅनडा विरुद्ध अमेरिका. कॅनडाच्या गोलमध्ये मानों. अमेरिकेने दोन गोल केले, कॅनडाने एक फेडला. २-१. शेवटचं मिनिट. हॉकीत अशा वेळी पिछाडीवरचा संघ एक जुगार खेळतो. गोलकीपरला बाहेर बोलवायचं, तिच्या जागी एक जादा खेळाडू हल्ल्याला पाठवायची आणि स्वतःचा गोल उघडा टाकायचा. मानों बाकावर जाऊन बसली. अवघे काही सेकंद उरले असताना अमेरिकेने त्या रिकाम्या गोलमध्ये पक ढकलला. ३-१. रौप्यपदक.

हा तिसरा गोल मानोंच्या नावावर नाही. पण तिच्या डोळ्यांसमोर झाला, आणि ती काहीच करू शकत नव्हती. टॅम्पातल्या त्या रात्रीपेक्षा हे दृश्य मला जास्त जवळचं वाटतं. तिथे ती नवलाई होती, नागानोत ती नुसती गोलकीपर होती. हरलेली, पण मोजली गेलेली. कुणी म्हणालं नाही की बायकांना जमत नाही. कॅनडा हरला, एवढंच म्हणाले.

त्यानंतर तिने मुलींना शिकवलं, हॉकीचं सामान बनवणाऱ्या कंपनीत नोकरी केली, आई झाली. आणि २००८-०९ च्या मोसमात, वयाच्या छत्तिशीत, मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉन आणि फ्लिंट या पुरुषांच्या छोट्या व्यावसायिक संघांमधून पुन्हा बर्फावर उतरली! २०२२ मध्ये लॉस एंजेलिस किंग्ज या एनएचएल संघाने तिला सल्लागार म्हणून घेतलं. काम काय, तर तरुण खेळाडू पारखणं आणि घडवणं. ज्या लीगने तिला वीस मिनिटांत पारखलं होतं, त्याच लीगमध्ये. (मी तिच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना नऊच शॉट्स दिले असते :-))

आणि तिच्यामागून आलेल्या? १९९३ मध्ये एरिन व्हिटन पुरुषांच्या व्यावसायिक सामन्यात विजय मिळवणारी पहिली महिला गोलकीपर झाली. एडमंटनची शॅनन झाबाडोस तर माझी आवडती. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात तिने अमेरिकेला एकही गोल करू दिला नाही, २-०. २०१४ च्या सोचीतही सुवर्ण. त्यानंतर जॉर्जिया राज्यातल्या कोलंबसच्या पुरुष संघात दाखल झाली. २६ डिसेंबर २०१५ ला हंट्सव्हिलविरुद्ध ३-० असा, एकही गोल न खाता सामना जिंकून दिला. पुरुषांच्या व्यावसायिक हॉकीत असं करणारी पहिली स्त्री. पण मला त्या विक्रमापेक्षा कौतुक कशाचं, तर त्याच संघात ती सामने हरलीसुद्धा, आणि हरल्यावर पुन्हा उभी केली गेली. तिला दहावी संधी मिळाली. ती मिळाल्यावर काय होतं ते त्या ३-० मध्ये दिसतं.

१ जानेवारी २०२४ ला महिलांची व्यावसायिक लीग, पीडब्ल्यूएचएल, टोरांटोत सुरू झाली. पहिलाच सामना, आणि न्यूयॉर्कची गोलकीपर कोरिन श्रोडरने एकही गोल होऊ दिला नाही, ४-०. त्याच वर्षी २० एप्रिलला माँट्रियलच्या बेल सेंटरमध्ये २१,१०५ लोक मुलींचा सामना बघायला आले. सोमवारच्या कॉलवर आता तिकडची मंडळी या लीगबद्दलही कुरकुरतात. "काल आमच्या गोलीने काय माती खाल्ली!" परवा कुणीतरी वैतागून असं म्हणालं, आणि मला उगीचच बरं वाटलं. बायकांनी माती खाल्ली असं नाही म्हणाला तो. आमच्या गोलीने म्हणाला.

तर मुद्द्यावर येते. टोरांटोचं काय?

आज रविवार. दुपारी साहेबांना मेल लिहिली आणि दोनदा खोडून तिसऱ्यांदा पाठवली. जाते म्हणून कळवलं. सोबत दोन गोष्टी मागितल्या. एक, डिझाइन मीच मांडणार, प्रश्नांची उत्तरंही मीच देणार. नुसतं टेबलाशी बसून फोटोत हसायला मी येणार नाही. दोन, पुढच्या रिलीजला आणि त्याच्या पुढच्याही, ज्याचं डिझाइन त्यानेच मांडायला जायचं, हा टीमचा नियम करूया. मग कधी तो मित्र जाईल, कधी मी, कधी कोपऱ्यातला तो मुलगा, ज्याला इंग्रजी बोलायला लागलं की घाम फुटतो.

तिसरी गोष्ट लिहिली होती, ती काढून टाकली, कारण मेलमध्ये जरा नाटकी वाटली. इथे लिहिते. तिथे माझं काही चुकलं, एखाद्या प्रश्नाला मी अडखळले, तर परत आल्यावर सगळ्यांनी मला खुशाल शिव्या द्या. पण मला द्या, माझं नाव घेऊन. "मुलींना पाठवलं की असंच होतं" म्हणू नका. माझी विकेट धरणार असाल तर माझे रन्सही धरा. मी आता कच्चं लिंबू नाही.

मेलला अजून उत्तर आलेलं नाही. आईने स्वेटर मात्र उन्हात टाकलाय.